डायनासोर कसा पाहावा : होतकरूंसाठी मार्गदर्शिका (बीड जिल्हा आवृत्ती)

ही पुस्तिका कोणासाठी

जत्रेत आकाशपाळणा आणि मौत का कुआँ यांच्यामधल्या पत्र्याच्या कुंपणात एखादा डायनासोर उभा असतो. तो मान फिरवतो, पापणी मिटतो आणि ठरावीक वेळाने डरकाळी फोडतो. त्याला नीट पाहता यावे म्हणून ही पुस्तिका. नवरात्रातली खंडेश्वरीची जत्रा असो, परळीची महाशिवरात्र असो की तालुक्याच्या गावी सुट्टीत लागलेला आनंदमेळा असो, मालक असा प्राणी घेऊन आलाच तर इथल्या सूचना जशाच्या तशा लागू होतात. ज्यांनी आजवर एकही यांत्रिक डायनासोर पाहिलेला नाही त्यांनी ती सुरुवातीपासून वाचावी. पाहून झाल्यावर ‘रबराचं तर हाय की’ म्हणत जे बाहेर पडले, त्यांनी दोनदा वाचावी.

साहित्य

१. तिकीट. प्राण्याच्या शेपटीकडून फुकट पाहणारे असतात, पण ते नवशिके नव्हेत. त्यांना ही पुस्तिका लागत नाही.

२. एक लहान मूल, वय चार ते दहा. घरचे नसल्यास भावकीतले चालेल. मुलाशिवाय गेल्यास प्राणी तोच दिसतो, पण निम्माच वेळ दिसतो.

३. एक आबा. ज्यांना कशाचेच नवल वाटत नाही, असे पाहून निवडावेत.

४. रुमाल. मैदानाची धूळ आणि जनरेटरचा धूर यांसाठी.

५. गोडीशेव, पावशेर. ती रांगेतच संपते, म्हणून अर्धा किलो.

मोबाइल मुद्दाम यादीत घेतलेला नाही. तो न सांगता येतो.

पायरी पहिली : वेळ साधणे

दिवेलागणीनंतर जावे. दिवसाच्या उजेडात मानेजवळ फाटलेले रबर, गुडघ्यावरचे ठिगळ आणि पोटाखालून गेलेली वायर दिसते. हिरव्या-लाल दिव्यांत हे सगळे झाकले जाते आणि प्राणी आपल्या वयाला शोभेसा भीतिदायक होतो.

वीज गेल्यास घाबरू नये. डायनासोर नामशेष कसे झाले याबद्दल शास्त्रज्ञ दोन कारणे मांडतात : आजच्या मेक्सिकोत आदळलेला लघुग्रह आणि दख्खनच्या ज्वालामुखींचा लाव्हा. जत्रेत तिसरे कारण संभवते, ते म्हणजे भारनियमन. जबडा उघडा, एक डोळा अर्धा मिटलेला, मान भेळेच्या गाड्याकडे वळलेली, अशा अवस्थेत प्राणी जनरेटर सुरू होईपर्यंत नामशेष राहतो. होतकरूने या वेळेचा फायदा घेऊन जवळ जावे आणि त्याचे हात बघून ठेवावेत. ते तिसऱ्या पायरीत लागणार आहेत.

पायरी दुसरी : कातडीच्या आत शिरणे

(मनाने. प्रत्यक्ष शिरल्यास मालक ओरडतो.)

आत लोखंडाचा सांगाडा असतो. सांध्यांवर मोटारी असतात. स्वस्तातल्या प्राण्यांत त्या गाडीच्या काचेचा वायपर फिरवणाऱ्या मोटारींच्या जातीच्या असतात. सांगाड्यावर जाड फोम चढवून तो कोरतात, त्यातून स्नायू निघतात. फोमवर सिलिकॉन रबराचा थर, थरावर खवले आणि खवल्यांवर रंग. पायाशी किंवा आडोशाला एक डबा ठेवलेला असतो. कुठली मोटार कधी फिरवायची ते तो ठरवतो, स्पीकरला आवाज पुरवतो आणि समोर माणूस आल्याचे सेन्सरकडून कळले की प्राण्याला कामाला लावतो.

या धंद्याची पंढरी चीनमध्ये आहे. सिचुआन प्रांतातले झिगाँग हे शहर जगभर असे प्राणी पाठवते. शहराजवळच्या दाशानपूला खऱ्या डायनासोरांची हाडे मोठ्या संख्येने निघाली आणि १९८७ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. त्याच शहरात कापडाचे मोठमोठे कंदील करण्याची जुनी परंपरा आहे. हाडे जमिनीत आणि तारेचे सांगाडे बांधणारी बोटे शहरात, असा योग जुळल्यावर हा व्यवसाय दुसरीकडे कशाला जाईल?

आता हालचाली मोजाव्यात. साधारण सहा असतात : पापणी, जबडा, मान, पुढचे हात, पोट, शेपूट. नवखे लोक जबड्याकडे पाहतात. होतकरूने पोटाकडे पाहावे. जबडा कोणीही हलवतो. ज्याने पोट हलते ठेवले आहे त्याला जिवंत जनावराची ओळख आहे. दोन डरकाळ्यांच्या मधल्या शांत वेळेत पोट वर-खाली होत असते, आणि मूल आपल्या नकळत एक पाऊल मागे येते ते तेव्हाच.

आबांचा पहिला आक्षेप इथेच येतो.

“आबा, हे खरंच हलायलंय!”

“मोटार बसवलीय त्येला.”

“मंग मोटार कोण हलवायलंय?”

या प्रश्नाचे उत्तर आबांनी द्यायचे आहे. पुस्तिकेने मध्ये पडू नये.

पायरी तिसरी : चुका काढणे

हा अभ्यासाचा सर्वांत आनंदाचा भाग आहे. चुका मोठ्याने काढाव्यात, म्हणजे शेजारच्या कुटुंबालाही लाभ होतो. प्रत्येक चुकीला दहापैकी गुण द्यावेत.

हात. टी-रेक्सच्या हाताला दोन बोटे. तीन दिसल्यास पाच गुण कापावेत. मग तळवे पाहावेत. मांसाहारी डायनासोरांचे तळवे एकमेकांसमोर असत, कीर्तनातल्या टाळकऱ्याने टाळ धरावेत तसे. मनगट फिरवून तळवे जमिनीकडे करणे त्यांना जमत नव्हते. जत्रेतल्या जवळजवळ प्रत्येक प्राण्याचे तळवे जमिनीकडे असतात. उरलेले पाचही कापावेत.

उभे राहणे. शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा असलेला टी-रेक्स ही जुन्या चित्रांची देणगी. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत शास्त्रज्ञांनी त्याची पाठ आडवी केली आणि शेपूट उचलली. पुढचे डोके आणि मागची शेपूट यांचा तोल कमरेवर. जत्रेत मात्र टेकलेली शेपूट सोयीची पडते, कारण वादळी वाऱ्यात तिसरा पाय कामाला येतो. ही चूक शास्त्राची असली तरी मालकाच्या हिताची आहे. अर्धे गुण द्यावेत.

ओठ. तोंड मिटल्यावरही सगळे दात बाहेर, हे दृश्य मगरीवरून घेतलेले. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दातांची झीज आणि कवटीची मापे तपासून असे म्हटले, की टी-रेक्सचे दात घोरपडीच्या कुळातल्या प्राण्यांसारखे ओठांआड झाकलेले असावेत. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथे गुण कापू नयेत. फक्त ‘हं’ म्हणावे.

पिसे. ‘व्हेलोसिरॅप्टर’ अशी पाटी असलेला आणि माणसाएवढा उंच प्राणी आढळल्यास समजावे, की तो मंगोलियातून न येता ‘ज्युरासिक पार्क’ या सिनेमातून आला आहे. खरा व्हेलोसिरॅप्टर माणसाच्या कमरेपर्यंतही पोचत नसे. वजन फार तर पंधरा-वीस किलो. २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रुजण्याच्या गाठी सापडल्या. म्हणजे तो पिसांचा होता. जत्रेत तो खवल्यांचा असतो, कारण पिसांवर धूळ बसते आणि पोरे ती उपटून नेतात. शून्य गुण, पण सहानुभूतीने.

मानेची झालर. गळ्याभोवती छत्री उघडून थुंकणारा डायलोफोसॉरस दिसल्यास हात जोडावेत. झालरही सिनेमाची, विषही सिनेमाचे. खरा प्राणी सहा-सात मीटर लांब होता आणि त्याला थुंकण्याची गरज नव्हती.

आवाज. डरकाळी ऐकून मूल आईच्या पदरात शिरते, पण तो आवाज सिनेमाच्या ध्वनिमुद्रकाने हत्तीचे पिल्लू, वाघ आणि सुसरीच्या जातीची ॲलिगेटर यांचे आवाज मिसळून घडवलेला, किंवा त्याची नक्कल असतो. पारवे आणि शहामृग तोंड मिटून घुमतात. काही डायनासोरही तसेच घुमत असावेत, असा तर्क २०१६ च्या एका अभ्यासाने मांडला. पण मिटल्या तोंडाने घुमणारा राक्षस पाहायला तिकीट कोण काढील? गुण मालकाच्या गल्ल्यावर सोडावेत.

शेजार. पाठीवर फळ्या असलेला स्टेगोसॉरस आणि टी-रेक्स यांची झुंज लावलेली असेल तर आकडेमोड करावी. स्टेगोसॉरस सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स सुमारे पावणेसात कोटी. दोघांमधले अंतर आठ कोटींच्या वर. टी-रेक्स आणि आबा यांच्यातले अंतर त्याहून कमी. म्हणून झुंज लावायचीच तर टी-रेक्सची आबांशी लावणे शास्त्राला अधिक धरून होईल. आबांना हे सांगू नये.

पाटी. वर ‘ज्युरासिक’ लिहिलेले असते. खाली टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स, व्हेलोसिरॅप्टर, स्पायनोसॉरस : सगळे त्यापुढच्या क्रिटेशियस काळातले. स्टेगोसॉरस मात्र खरा ज्युरासिक, आणि त्याला बहुधा मागच्या कोपऱ्यात उभे केलेले असते.

बेरीज नापासाची आली तरी निराश होऊ नये. चुकीचे डायनासोर दाखवण्याची परंपरा थोर आहे. १८५४ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्सने जगातले पहिले पूर्णाकृती डायनासोर उभे केले. तत्पूर्वी, १८५३ च्या अखेरच्या रात्री, इग्वानोडॉनच्या साच्यात विद्वानांची पंगत बसली होती. त्या इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग होते. पुढे कळले, की तो त्याच्या अंगठ्याचा काटा होता. पुतळे अजून तिथेच आहेत, शिंग अजून नाकावरच आहे, आणि लोक ते पाहायला अजून जातात. विद्वान ज्या चुकीच्या पोटात बसून जेवले, तिच्यापुढे तीन बोटांचे काय?

पायरी चौथी : तरीही गर्दी का, हे समजून घेणे

‘ज्युरासिक पार्क’ १९९३ चा. दोन तासांच्या त्या सिनेमात डायनासोर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटे, आणि त्यातलाही निम्म्याहून अधिक वेळ पडद्यावर संगणकाचे चित्र नसून स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातली यंत्रे आहेत. पावसाच्या प्रसंगात टी-रेक्सच्या फोमच्या कातडीने पाणी शोषले आणि जड झालेले ते धूड थरथरू लागले. दोन दृश्यांच्या मध्ये माणसे टॉवेल घेऊन त्याला पुसत बसायची. हॉलिवूडच्या डायनासोरला पाऊस सोसत नाही. आपल्या जत्रेतल्याला निदान त्याची सवय असते.

मोबाइलवर याहून शंभरपट अचूक डायनासोर फुकट दिसतो. तरी लोक रबराच्या जनावराला पैसे मोजतात, कारण मोबाइलमधला प्राणी तळहाताएवढा असतो आणि त्याच्यापुढे कोणी मागे सरत नाही. इथे बारा मीटरचे अंग आपल्याच जमिनीवर उभे असते, आपल्यासारखीच धूळ खात असते आणि आपण पुढे झालो की आपल्याकडे वळते. मुलांना सेन्सरचा शोध लागायला वेळ लागत नाही. तो लागला की भीती संपते आणि प्रयोग सुरू होतात : एकजण पुढे, एकजण मागे, हात हलवला तर वळतो का, बसून गेलो तर कळते का. प्रयोगशाळा नसलेल्या शाळांच्या मुलांनी हा भाग विशेष मन लावून करावा.

नवरात्रात आणखी एक प्रेक्षक असतो. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातली हजारो बिऱ्हाडे उसाच्या फडाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयत्यांना धार लावून झालेली असते. त्या घरातल्या पोराला पुढचे पाच-सहा महिने कोपीत राहायचे असते आणि तिथे सांगायला त्याच्याजवळ एक गोष्ट असते : मी याच्या तोंडासमोर उभा होतो. तळवे खाली होते की आत, हे त्याला कोणी विचारणार नाही. होतकरूने अशा पोराच्या शेजारी उभे राहून चुका काढू नयेत. त्याला पुढे जागा करून द्यावी.

पण एवढ्यावर त्याला बाहेरही सोडू नये. ज्या मुलाने अमेरिकेतला प्राणी डोळे फाडून पाहिला, त्याला घरचाही दाखवायला हवा. म्हणून पुढची पायरी.

पायरी पाचवी : पायाखाली पाहणे

टी-रेक्स उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात राहत असे. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेला, एकटाच सरकत होता. टी-रेक्सला बीडला यायला तेव्हा वाट नव्हती. इथे जे होते ते वेगळे होते.

मैदानाच्या कडेचा काळा दगड उचलावा. कंकालेश्वराचे देऊळ याच दगडाचे, बालाघाटचे डोंगर याचेच. हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर वाहिलेला लाव्हा. डायनासोर ज्या जमिनीवर चालले ती या थरांच्या खाली गाडली गेली आहे. किती खाली? १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीला शास्त्रज्ञांनी विंधण घेतले, तेव्हा बेसॉल्ट ३३८ मीटरपर्यंत लागला. त्याखाली आठेक मीटर जुनी गाळाची माती आणि मग ग्रॅनाइट. म्हणजे अकराशे फुटांचा बोअर. आपल्या जिल्ह्यात हा आकडा ऐकून कोणी दचकणार नाही; एवढे खोल गेल्यावर पाणी लागले का, असेच विचारतील.

जिथे लाव्हाचा थर पातळ आहे किंवा नाहीच, तिथे जुनी जमीन उघडी पडते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्याकडे पाहा. डोंगरगावच्या टेकडीवर १९८४ ते १९८६ दरम्यान सोहन जैन यांच्या चमूने एका लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचे मणके, खांदा, डावा पुढचा पाय अशी हाडे काढली. १९९७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि २००३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले : आयसिसॉरस. जैन कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे. तिची आद्याक्षरे आयएसआय, म्हणून आयसिसॉरस. हा महाराष्ट्राचा डायनासोर. पुढचे पाय लांब, मान जातभाईंपेक्षा आखूड आणि वर उचललेली.

त्याच परिसरात पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनासोरांचे दगड झालेले शेण मिळते. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सूक्ष्म कण शोधले. भात आणि बांबू यांच्या नात्यातली गवतेही त्यात निघाली. तोवर डायनासोरांच्या काळात गवत नव्हते असे धरून चालत. चित्रकार त्यांच्या पायाखाली नेचे आणि माती काढत. विदर्भातल्या शेणाने पुस्तके बदलायला लावली. म्हणून मालकाने डायनासोरच्या पायाखाली प्लॅस्टिकचे हिरवे गवत अंथरले असेल तर त्यावर आक्षेप घेऊ नये. अख्ख्या प्रदर्शनातली मराठी मातीला धरून असलेली गोष्ट बहुधा तीच असते.

आणि ज्युरासिक पाहिजेच असेल तर गोदावरी धरून जावे. आपल्या गेवराई-माजलगावच्या कडेने वाहणारी ही नदी पुढे सिरोंच्याजवळ प्राणहितेला भेटते. त्या खोऱ्यात, पोचमपल्ली गावाजवळ, बारापासॉरस टागोरी या अवाढव्य शाकाहारी प्राण्याची हाडे निघाली. तो अस्सल ज्युरासिक काळातला. त्याचे नामकरण १९७५ चे, आणि टागोर म्हणजे रवींद्रनाथच.

पायरी सहावी : मालकाकडे मागणी करणे

बाहेर पडताना मालकाला किंवा डब्याशेजारी बसलेल्या पोराला नम्रपणे गाठावे. भाषा अशी असावी : “दादा, आपला चंद्रपूरचा डायनासोर नाही का आणला?” तो ‘तसला नसतो’ म्हणेल. तेव्हा रागवू नये. एकेक गोष्ट सुचवावी.

पहिली : लांब मानेचा प्राणी त्याच्याकडे असतोच. पुढच्या खेपेला पुढचे पाय लांब आणि मान आखूड करून घेतली, की आयसिसॉरस तयार.

दुसरी : मांसाहारी हवा तर राजासॉरस आहे. गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यातला, डोक्यावर आखूड शिंग असलेला, २००३ मध्ये नाव मिळालेला. नावातच राजा आहे. पाटी रंगवणाऱ्याला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

तिसरी, आणि सर्वांत गल्लाभरू : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना गुजरातेत डायनासोरचे एक घरटे सापडले. त्यात अंडी, नुकतेच बाहेर आलेले पिल्लू आणि शेजारी फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटरचा साप. २०१० मध्ये या सापाचे वर्णन ‘सानाजे इंडिकस’ या नावाने प्रसिद्ध झाले. मोटारी चार-पाच पुरतील, जागा खाटेएवढी. आणि सापासाठी आपल्याकडे गर्दी जमवावी लागत नाही.

शंकासमाधान

इतके चुकीचे आहे तर मुलांना न्यावे का? न्यावे. हलते म्हणून मूल थांबते, चुकते म्हणून बोलायला विषय मिळतो. अचूक असून न हलणाऱ्या तक्त्यापुढे ते थांबतही नाही.

सेल्फी काढावी का? एक. जबड्याखाली उभे राहून, डरकाळीच्या ऐन वेळी. चेहरा शूर ठेवण्याचा प्रयत्न करू नये, वाया जातो.

आबांना पटले नाही तर? आबा तिकिटाचे पैसे वसूल होईपर्यंत बाहेर येत नाहीत. हेच पटणे समजावे.

चाचणी (गुण वीस, वेळ परतीच्या गाडीपर्यंत)

१. प्राण्याचे पोट हलत होते का? निरीक्षण लिहा.

२. टाळकऱ्याप्रमाणे हात धरून दाखवा आणि मालकाच्या प्राण्याशी तुलना करा.

३. आपल्या गावच्या सर्वांत खोल बोअरची खोली शोधा. बेसॉल्ट किल्लारीइतकाच खोल धरला तर डायनासोरच्या जमिनीपर्यंत अजून किती फूट जावे लागेल?

४. पिसदुऱ्याच्या शेणाचे जागतिक महत्त्व आबांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. आबा हसल्यास निम्मे गुण, त्यांनी उलट प्रश्न विचारल्यास पूर्ण.

सर्व प्रश्न अनिवार्य आहेत. कॉपीस मुभा आहे, मात्र ती बरोबरच्या मुलाचीच करावी. आबांचे उत्तर ‘मोटार हाय’ एवढेच असते.